मयताची लादी

महाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या वैशाली उतेकर या डॉक्टर आहेत, पण गावात त्यांना कोणी डॉक्टर म्हणत नाही. ताप आला तर गोळी देत नाहीत, मग कसल्या डॉक्टर. विद्यार्थी मॅडम म्हणतात, आई वैशू म्हणते, आणि बाजारपेठेत त्यांचं नाव आहे बर्फाच्या बाई. हे नाव प्रेमाने पडलेलं नाही आणि रागानेही नाही. ज्याच्या हातात जे दिसतं त्यावरून नाव पाडायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि बाईंच्या हातात गेली कित्येक वर्षं एक ॲल्युमिनियमचा कॅन दिसतो, ज्याचं झाकण काढलं की पांढरी वाफ बाहेर येते.

गुरांच्या दवाखान्यात असतो तसलाच तो कॅन. आत द्रवरूप नायट्रोजन, बर्फ त्याच्यापुढे कढत वाटावा इतका थंड. गुरांचे डॉक्टर त्यात वळूचं वीर्य ठेवतात, बाई बकऱ्याची कातडी ठेवतात. खाटकाकडून ताजी कातडी आणायची, नखाएवढे तुकडे करायचे, औषधात भिजवून हळूहळू गारठवायचे आणि कॅनमध्ये सोडून द्यायचे. मग वर्षा-दोन वर्षांनी एखादा तुकडा वर काढून कोमट करायचा आणि बघायचं, आतल्या पेशी जिवंत आहेत का. बऱ्याचशा असतात. म्हणजे त्या बकऱ्याची बिर्याणी झाली, ती पचली, खाणारा पुढच्या ईदच्या तयारीला लागला, आणि कातडी इकडे जिवंत. यात हसण्यासारखं काही आहे असं बाईंना वाटत नाही.

हे सगळं कशासाठी, तर भाजलेल्या माणसांसाठी. महाडच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि जिथे रसायन आहे तिथे कधी ना कधी कोणीतरी भाजतं. भाजलेल्या अंगावर दुसऱ्याचं कातडं पांघरावं लागतं, नाहीतर अंगातलं पाणी निघून जातं. ते कातडं मेलेल्या माणसाने दान केलेलं असतं, आणि ते साठवून ठेवायची बँक आपल्या बाजूला नाही. साहिल नावाचा बाईंचा एक जुना विद्यार्थी कंत्राटावर कामाला होता. तो वाफेने भाजला. त्याला मुंबईला नेलं, तर तिथे त्या आठवड्यात कातडं शिल्लक नव्हतं. दुसऱ्या शहरातून येतंय, येतंय म्हणेपर्यंत साहिल गेला. बाई मयतीला गेल्या, साहिलच्या आईशेजारी बसल्या, आणि परत आल्यावर त्यांनी महाडला त्वचा बँक काढायचा प्रस्ताव लिहायला घेतला.

प्रस्ताव मंजूर करणार होती शीतजीवशास्त्र परिषद. जिवंत गोष्टी गोठवून जिवंत कशा ठेवायच्या, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची ही सभा. ही मंडळी रक्त गोठवतात, गर्भ गोठवतात, डोळ्यांची बुबुळं गोठवतात, वळूचं तर विचारूच नका. फक्त अख्खा मेलेला माणूस तेवढा गोठवायचा नाही. परदेशात काही लोक मेल्यावर स्वतःला तसं ठेवून घेतात, या आशेने की पुढे कधीतरी उठवणारा डॉक्टर जन्माला येईल. परिषदेला या लोकांचं नाव काढलेलं खपत नाही. परिषदेच्या घटनेत चक्क कलम आहे, की या कल्पनेला जो पाठिंबा देईल त्याचं सभासदत्व जाईल. दारू पिऊन सभेला आल्यास काय, याचं कलम नाही.

आता बाई या भानगडीत कशा सापडल्या ते सांगायचं तर उतेकरवाडीला जावं लागेल.

पोलादपूरच्या वर, एसटी जिथून वळून परत फिरते तिथून पुढची चढण पायी चढायची, की बाईंची वाडी. आई तुळसा अजून तिथेच राहते, महाडचं पाणी तिला बाधतं. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला, म्हणून वाडीचा एक रिवाज आहे. मुंबईवाला आल्याशिवाय मयत उचलायचं नाही. मुलगा घाटकोपरला असो नाहीतर विरारला, तो येईपर्यंत थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे बर्फ आला. बर्फाचा कारखाना महाडला, रऊफ मुकादमांचा. कारखाना चालतो तो मासळीवर आणि लग्नातल्या सरबतांवर. पण मयतासाठी लादी मागायला कोणी आलं तर तिचे पैसे घ्यायचे नाहीत, ही रऊफभाईंच्या वडिलांनी, हाशिमशेठनी लावून दिलेली शिस्त. गंमत अशी की मुकादमांच्या समाजात मयत थांबवतच नाहीत. रऊफभाईंचा भाचा अकिब कतारमध्ये दोह्याला होता, बाप इकडे गेला, तर पोराने बापाला माती दिलेली मोबाईलवर बघितली. "आमच्यात थांबवत नाहीत," रऊफभाई म्हणतात, "पण ज्यांच्यात थांबवतात त्यांचा बर्फ मी का अडवू?"

बाईंचे वडील काशीराम गेले ते भर आषाढात. बाई तेव्हा पुण्याला एका संस्थेत होत्या. वरंधा घाटात दरड, आंबेनळी घाट बंद, सावित्री नदीचं पाणी महाडच्या दुकानांतून. बाई जिथे रस्ता मोकळा होता तिथून फिरत, थांबत, ट्रकवाल्यांच्या पाया पडत तिसऱ्या दिवशी वाडीवर पोचल्या. वाडी थांबली होती. हमरस्त्याच्या उंच अंगाला असलेल्या कारखान्यातून रऊफभाईंनी टेम्पो कसाबसा पोलादपूरच्या पुढे आणला होता, आणि तिथून माणसांनी गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या खांद्यावरून वर चढवल्या होत्या. पुढे होता चांगूबाबा, काशीरामांच्या बरोबरीचा. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, पोरगीच तर आहे, अग्नी द्यायला पुतण्या आहे, उचलूया. तेव्हा चांगूबाबा उंबऱ्यात आडवा बसला. "बापाने तिला शिकाया धाडली ती काय राख बघाया? थांबा. येल ती."

ती आली. बापाचा चेहरा नीट होता. शास्त्र म्हणून बघाल तर यात विशेष काही नाही, शून्य अंशाला माणूस सावकाश कुजतो एवढंच. पण बाई त्या दिवशी रडल्या त्या बाप गेला म्हणून कमी आणि सगळे थांबले म्हणून जास्त. हे त्या स्वतःच सांगतात, आणि सांगताना चष्मा पुसतात.

त्यानंतर पुणं सोडून त्या महाडला आल्या. का आल्या, हे पुण्यात कोणाला समजलं नाही आणि महाडात कोणी विचारलं नाही.

तर विज्ञान दिनाचा कार्यक्रम होता. बाईंचं भाषण झालं, वाफेचा प्रयोग झाला, पोरांनी मोबाईलवर काढला. शेवटी एका मुलीने विचारलं, "मॅडम, परदेशात मेलेली माणसं गोठवून ठेवतात, ते लोक वेडे आहेत का?"

इथे बाईंनी "हो" म्हटलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. बाई म्हणाल्या, "आज ज्या पद्धतीने करतात त्याने पेशींची वाट लागते. त्यातून कोणी उठेल असं मला वाटत नाही. पण वेडे कशाला? आपल्याकडे मुंबईचा मुलगा येईपर्यंत मयत बर्फावर ठेवतात. ते अजून जन्माला न आलेल्या डॉक्टरची वाट बघतायत. वाट बघणाऱ्याला मी हसणार नाही."

दुसऱ्या दिवशी पेपरात बाईंचा कॅनसकट फोटो, आणि वर ठळक अक्षरात, 'मेलेला माणूस परत येणार, महाडच्या प्राध्यापिकेचा दावा'. आत बातमी बरीचशी बरोबर होती, पण आतली बातमी वाचतो कोण?

बाजारपेठेने ही गोष्ट फार मनावर घेतली नाही. भाजीवाल्याने विचारलं, परत आलेल्या माणसाचं रेशनकार्ड चालू राहील का. कोर्टातल्या एका वकिलाने सातबाऱ्यावरून नाव कमी झालेलं असलं तर काय, असा मुद्दा काढला आणि तो दोन दिवस चघळला. कॉलेजचे प्राचार्य बुद्धरत्न सर भला माणूस, ते एवढंच म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी विज्ञान दिनाला आपण रांगोळी स्पर्धा ठेवू."

आणि चांगूबाबा पहिल्या एसटीने महाडला आला. आता त्याला काठी लागत होती. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून आत आला आणि म्हणाला, "वैशू गो, माजा नंबर लाव."

"कसला नंबर, बाबा?"

"बर्फाचा. मला परत उठायचं नाय, ते तुज्या शिकलेल्या लोकान्ला दे. एकदा जगलो तेवढं पुरे हाय. पण माजा पोरगा गणपतीलाच येतो. मधी त्याला सुट्टी नाय. मी श्रावणात गेलो तर मला गणपतीपर्यंत ठेवशील काय?"

बाईंनी त्याला समजावलं, की असं होत नाही, पेपरवाल्याने वाढवून लिहिलंय, आणि मयत झाल्यावर पोरगा सुट्टी काढून येणारच. चांगूबाबाने सगळं ऐकून घेतलं आणि थोडा विचार केला.

"आन् गणपती चार दिसांवर असले तर?"

बाईंनी त्याला चहा पाजला, बरोबर पाव दिले आणि दुपारच्या एसटीत बसवून दिलं.

शास्त्रज्ञांनी मात्र बातमी मनावर घेतली. आपल्या रायगड जिल्ह्यात वाळीत टाकणं म्हणजे काय, हे कोणाला शिकवावं लागत नाही. गावकी बैठक घेते, नाव घेऊन सांगते, उद्यापासून याच्याशी बोलायचं नाही, याच्या लग्नाला जायचं नाही. त्याच्याविरुद्ध आता कायदासुद्धा आहे. शास्त्रज्ञ बैठक घेत नाहीत. हैदराबादच्या परिषदेतलं बाईंचं व्याख्यान वेळेअभावी रद्द झालं, बाकीच्यांना वेळ पुरला. दहा वर्षं जिच्याबरोबर त्यांनी काम केलं त्या मैत्रिणीने शोधनिबंधातून त्यांचं नाव काढलं, आणि कळवलं की हे तुझ्याच भल्यासाठी आहे. ईमेलला उत्तरं येईनाशी झाली. बाईंना याचं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. वर्गात बेडकाच्या हृदयाचे कप्पे शिकवताना त्या मध्येच गप्प होत, आणि मुलांना वाटे, मॅडम विसरल्या.

मग परिषदेची समितीच महाडला आली. अध्यक्ष डॉ. राजेंद्र खातू हे मूळचे महाडजवळच्याच नाते गावचे. वडिलांचं तिथे किराणा दुकान होतं, आई अजून तिथेच होती. स्वतः मात्र पुण्यात इतकी वर्षं राहिले की बोलण्यातून नाते गाव पार पुसलं गेलेलं. माणूस वाईट नव्हता. बाईंचे कॅन त्यांनी वाकून बघितले, तुकडे किती जगले ते विचारलं, आणि मनापासून म्हणाले, "काम पक्कं आहे. बँक इथेच व्हायला हवी, आणि तुमच्याच हाताखाली." मग प्राचार्यांच्या खोलीत बसल्यावर त्यांनी एक कागद पुढे केला. "एवढी एक सही, उतेकर. म्हणजे विषय मिटला."

कागदावर एकच वाक्य होतं. मृतदेह गोठवून ठेवू इच्छिणाऱ्यांना माझा पाठिंबा नाही आणि त्यांच्याविषयी मला कोणतीही सहानुभूती नाही.

"सर, पाठिंबा नाही हे खरं आहे. तेवढ्यावर सही करते. सहानुभूती कशाला हवी यात?"

"सहानुभूतीपासूनच सुरुवात होते," खातू म्हणाले. "हे बघा, सरकार आपल्याला पैसे देतं ते आपण गंभीर लोक आहोत म्हणून. एकदा का आपलं हसं झालं की रक्त गोठवणाऱ्यालाही कोणी दारात उभं करणार नाही. तुमच्या एका शब्दासाठी मी बाकीच्या सगळ्यांना पणाला लावू?"

हे अगदीच खोटं नव्हतं. खातूंनी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली. समितीतले एक सभासद गाडीत बसण्याआधी चप्पल नीट करायच्या निमित्ताने मागे राहिले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, मलाही तुमच्यासारखंच वाटतं. पण मला दोन मुली आहेत." मुलींचा इथे काय संबंध हे बाईंना आधी कळलं नाही. मग कळलं.

बाईंच्या डोक्यात आठवडाभर तो कागदच होता. सही केली तर बँक होणार होती, आणि पुढचा साहिल वाचला असता. न करावी तर एका शब्दापायी सगळं पाण्यात. वर्गात, स्वयंपाकात, अंघोळ करताना त्या स्वतःशीच भांडत होत्या. शुक्रवारी त्यांचं जवळजवळ ठरलं होतं, की करून टाकू सही, कागदच तर आहे.

शनिवारी दुपारी रऊफभाईंचा फोन आला. "मॅडम, नात्याला मयत झालंय. खातूंची आई. काल वादळात तारा तुटल्यात, लाईट नाय, त्यामुळे मयत थंड ठेवायची पेटी येऊन नुसती पडलीये. लाद्या मागितल्यात. माझी दोन पोरं सुट्टीवर, मी एकटाच निघतोय. तुम्हाला सांगावं म्हटलं."

बाईंनी विचारलं, "थांबणार कोणासाठी आहेत?"

"धाकट्यासाठी. कॅनडाला असतो. म्हातारी सांगून गेली म्हणे, तो आल्याशिवाय हलवू नका."

बाई टेम्पोत पुढे बसून नात्याला गेल्या. मयत आहे म्हटल्यावर जायचं की नाही हा प्रश्नच आपल्याकडे नसतो. भांडण असलं तरी जातात. मे महिना, घरात उकाडा, बाया पदराने वारा घालत बसलेल्या. खातू ओसरीवर होते. बाईंना बघून ते उठून उभे राहिले आणि परत बसले. बाईंनी पदर खोचला. खाली भाताचा पेंढा, त्यावर लाद्या, लाद्यांवर गोणपाट, आणि मानेला दोन्ही बाजूंनी छोटे तुकडे, कपड्यात गुंडाळून. रऊफभाई फोडून देत होते, बाई लावत होत्या.

रविवारी दुपारपर्यंत विमान कुठेतरी मध्येच अडकलेलं होतं. बाई सकाळी पुन्हा लाद्या घेऊन आल्या. गावातली जाणती माणसं कुजबुजायला लागली. एकजण पुढे होऊन म्हणाला, "राजाभाऊ, मुंबईचं ठीक होतं, ही परदेशाची गोष्ट. कुठवर थांबायचं?"

"निघालाय तो," खातू म्हणाले. "थांबू."

"अवं पण..."

"थांबा म्हटलं ना. येल तो." हे म्हणताना त्यांचा आवाज फाटला, आणि बोलण्यातलं पुणंही कुठेतरी गळून पडलं. बाई हातातला बर्फ लावत तशाच बसून राहिल्या. त्यांना त्या क्षणी खातूंविषयी इतकी माया वाटली की कागद, समिती, सगळं त्या विसरून गेल्या.

धाकटा संध्याकाळी आला. पाठीवर पिशवी, डोळे सुजलेले. आईच्या पायांवर डोकं ठेवून तो किती वेळ तरी उठला नाही. मग तोंडावरून हात फिरवून म्हणाला, "झोपल्यासारखीच आहे रे दादा." आणि पेंढ्याशेजारी गुडघ्यांवर बसलेल्या, हात लाल झालेल्या बाईंकडे त्याचं लक्ष गेलं. "ह्या कोण?"

खातूंनी एकदा बाईंकडे बघितलं. पुण्याहून आलेले त्यांचे दोन सहकारी मागेच उभे होते. "बर्फाच्या कारखान्यातून आल्यात," खातू म्हणाले.

रऊफभाईंनी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी मान हलवून नको म्हटलं. धाकट्याने हात जोडले, बाईंनीही जोडले.

टेम्पोपर्यंत खातू सोडायला आले. त्यांनी पाकीट काढलं, तर रऊफभाई म्हणाले, मयताच्या लादीचे घेत नाही. खातूंनी पाकीट खिशात ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "उतेकर, तुमचे उपकार विसरणार नाही. फक्त हे परिषदेत कुठे निघायला नको. लोक नसता अर्थ काढतात."

"काढतात, सर."

"आणि उद्याचं लक्षात आहे ना?"

"आहे," बाई म्हणाल्या.

परतताना रऊफभाई भडकलेले होते. गिअर टाकतानाही कळत होतं. "तुम्ही बोलायला पाहिजे होतं, मॅडम."

"काय बोलू? बर्फ घेऊनच तर आले होते."

बाईंना लागलं होतं ते कारखान्याची बाई म्हटलं म्हणून नाही. आईला जपून ठेवणाऱ्या माणसाचं नाव घ्यायचीसुद्धा मुलाला लाज वाटावी, हे लागलं होतं. सोमवारी त्यांनी तो कागद काढला, छापलेलं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'पाठिंबा नाही. सहानुभूती आहे.' आणि सही केली.

बँक दुसऱ्या जिल्ह्याला गेली. ती अजून सुरू व्हायची आहे. मंजुरीच्या कागदात बाईंच्या पद्धतीचा उल्लेख 'स्थानिक सहकार्य' असा आहे. परिषदेने सभासदत्व काढल्याचं पत्र पाठवलं, खाली डॉ. राजेंद्र खातूंची सही होती. प्रयोगशाळेची खोली कॉलेजने परीक्षा विभागाला दिली. बुद्धरत्न सरांना ते सांगताना मान वर करता आली नाही. "मॅडम," ते म्हणाले, "बँकेपेक्षा तो शब्द मोठा होता का?" साहिलची आई एकदा बाजारात समोरून आली, तर बाई भांड्यांच्या दुकानात शिरल्या आणि नको असलेली किसणी घेऊन बाहेर पडल्या. हा सल त्यांना आहे आणि तो राहणार.

कॅन टाकून द्यायला त्यांचा जीव होईना. नायट्रोजन उडून जातो, दर आठवड्याला भरावा लागतो, नाही भरला तर सगळे तुकडे मेले. रऊफभाईंनी कारखान्यातली मागची खोली रिकामी करून दिली. आता कॉलेज सुटलं की बाई तिकडे जातात. म्हणजे 'बर्फाच्या कारखान्यातून आल्यात' असं खातू बोलले ते काही महिन्यांनी का होईना, खरं झालं.

चांगूबाबा श्रावणातच गेला. गणपतीला बरेच दिवस होते. पोरगा घाटकोपरहून निघाला, पण माणगावला हायवे तुंबलेला. बाई लाद्या घेऊन वाडीवर गेल्या. चढणीवर पोरांनी लाद्या खांद्यावर घेतल्या, आणि बाईंनीही गोणपाटाचं एक टोक धरलं, पाणी पाठीवरून गळू दिलं. वर कोणी विचारलं नाही, कुठवर थांबायचं.

पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बरोबर गाडी चालवत आणणारा त्याचा शेजारी होता. आत येऊन त्या शेजाऱ्याने बाईंना बघितलं आणि दारातल्या तुळसाला विचारलं, "मावशी, ये मॅडम कौन? बर्फवाली?"

तुळसाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "माजी लेक हाय ती. डॉक्टर हाय," ती म्हणाली. "पुण्याला शिकली."

पोरगा बापाशेजारी बसला होता. रडत नव्हता, नुसता बोटाने गोणपाटाचे धागे उकलत होता. मग कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "मी गणपतीला येणारच होतो."

"ठाऊक होतं त्यांना," बाई म्हणाल्या. "मला विचारायला महाडला आले होते, गणपतीपर्यंत ठेवशील का म्हणून."

पोराने मान वर केली. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणाले."

तेव्हा तो रडायला लागला. बाहेर तिरडी बांधून झाली होती, आभाळ भरून येत होतं. कोणीतरी आत डोकावून म्हणालं, चला, उचलूया आता.

"थांबा जरा," डॉक्टर म्हणाल्या, आणि सगळे थांबले.